मुठीचा तांदूळ

आमच्या घरी भात चढवण्याआधी मूठ काढायची पद्धत होती. आई तांदूळ मापून सुपात घ्यायची, निवडायची, आणि पातेल्यात टाकण्याआधी त्यातली एक मूठ ओट्याखालच्या बिस्किटांच्या डब्यात जायची. सकाळच्या भाताची एक, संध्याकाळच्या भाताची एक. त्यात खाडा नाही. घरात कुणाला ताप असो, पाहुणे असोत, आईबाबांचं कडाक्याचं भांडण झालेलं असो, मूठ निघायचीच. भांडण झालेलं असलं की डब्याचं झाकण जरा जोरात आपटायचं, एवढाच फरक.

मला कळायला लागल्यापासून संध्याकाळची मूठ माझी होती. आई म्हणायची, "ज्याच्या हाताची मूठ त्याच्या हाताएवढी. मोठी करायला जाऊ नकोस, लहान तर मुळीच नको." मी मात्र बोटं फाकवून जेवढं मावेल तेवढं उचलायची, अर्धं ओट्यावर सांडायची आणि मग ते वेचत बसायची. उदारपणाचा माझा पहिला अनुभव हा असा, गुडघ्यांवर बसून.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. हे सांगितलं की लोक हटकून विचारतात, "म्हणजे तुम्ही मूळचे कुठले?" मूळचे पनवेलचे, असं सांगितलं की त्यांचं समाधान होत नाही. आमच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे होते आणि ते शनिवारी, शब्बाथच्या विश्रांतीला, बंद असत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. घाणे गेले, शनिवार राहिला. घरात बोलणं मराठी, भांडणं मराठी, प्रार्थना तेवढी हिब्रूत. सिनेगॉगला जुनी माणसं मशीदच म्हणायची, आणि बाजारात नव्या माणसाला त्याचा उलगडा करून देता देता आमच्या तोंडाला फेस यायचा.

या सिनेगॉगच्या मागे एक लहान खोली होती आणि खोलीत एक पत्र्याचं पिंप होतं. दर गुरुवारी सकाळी आळीतल्या आणि आसपासच्या आमच्या पंधराएक घरांतून मुठीचे डबे यायचे आणि त्या पिंपात रिकामे व्हायचे. पिंप सांभाळण्याचं काम आईकडे होतं. ती त्यातला तांदूळ पाच-सहा पिशव्यांत भरायची, पिशव्या फळीवर ओळीने मांडायची आणि दार नुसतं लोटून घरी यायची. दुपारी बारा ते तीन त्या खोलीकडे कोणी फिरकायचं नाही, असा दंडक होता. ज्याला गरज असेल त्याने मागच्या बोळातून यावं, पिशवी उचलावी, जावं. आठवड्याभरात रिकामी पिशवी तशीच गुपचूप परत आणून ठेवावी. तीन वाजता आई कुलूप लावायला गेली की फळी मोकळी असायची. किती पिशव्या गेल्या ते कळायचं, कोणाकडे गेल्या ते नाही. ते आईला माहीत नव्हतं, आणि सिनेगॉगचा कारभार पाहणाऱ्या मुकादमांनाही माहीत नव्हतं. आईला याचा फार अभिमान होता.

"देणाऱ्याचं तोंड घेणाऱ्याने बघू नये आणि घेणाऱ्याचं देणाऱ्याने," ती म्हणायची. "बघितलं की एकाची मान वर जाते आणि दुसऱ्याची खाली."

आणखी एक नियम होता, तो मला लहानपणी विचित्र वाटायचा. पिशवी नेणाऱ्या घरानेही मूठ काढायची. गुरुवारी पंधराच्या पंधरा डबे यायचे. त्यातले पाच-सहा डबे पिशवी नेणाऱ्यांचे असणारच, पण कुठले ते ओळखायला जागा नव्हती. मी एकदा आईला म्हटलं, "म्हणजे आपलाच तांदूळ आपल्याला परत देतात?" ती म्हणाली, "जो घेतो त्यालासुद्धा द्यावं वाटतं. तेवढंही काढून घेतलंस तर त्याच्याकडे उरलं काय?"

याचा पुरावा वर्षातून एकदा आमच्या दारात यायचा. दारफाळणीचा सण, म्हणजे आमचा मोठा उपास, त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण असतो. त्या दिवशी गावातल्या कुणाही गरिबाला द्यायचं. वीटभट्टीवर काम करणारी एक कातकरी बाई दर वर्षी यायची. आई तिला तांदूळ, नारळ, जुनं लुगडं द्यायची, आणि ती कमरेची रानभाजीची जुडी काढून उंबऱ्यावर ठेवायची. आई नको म्हणाली की तिला राग यायचा. "न्यायला येते नि द्यायचं कायच नाय, आसं नाय चालत. तुमी ठेवा. आमी काय भिकारी हाय?" आई मुकाट्याने जुडी उचलायची. वर्षातून एकदा दिलेलं दान म्हणजे सणाची आंघोळ आणि मूठ म्हणजे रोजचं तोंड धुणं, हे आईचं गणित. आंघोळीचं कौतुक होतं, तोंड धुण्याचं कोणी करत नाही.

तर अशी ही पक्की, चिरेबंदी व्यवस्था. आणि तिला एक भोक होतं. ते इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं.

माझी शाळा दुपारची होती, त्यामुळे गुरुवारी सकाळी मी आईबरोबर पिंपाशी जायची. माझं काम खडे वेचण्याचं. त्या तांदळासारखा तांदूळ जगात दुसरा नव्हता, कारण तो पंधरा घरांचा होता. आमचा कोलम, मुकादमांच्या शेतावरचा घरचा जाडा, कोणाचा रेशनचा पिवळट, कोणाचा लालसर उकडा, कोणाची नुसती कणी. शिजताना कोलम आधी मऊ होतो, उकडा तेव्हा नुसता जागा होत असतो. त्यामुळे त्या भाताचा एक घास मऊ, एक कचकचीत, आणि मधे मधे लाल शितं. तो मी सिनेगॉगच्या एका जेवणात खाल्ला होता, तेव्हापासून डोळे मिटून ओळखला असता.

आमच्या घरापासून दोन घरं सोडून एक काकी राहायच्या. सख्ख्या नव्हेत, अख्ख्या आळीच्याच काकी. मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. अंगाने बारीक, पाठ ताठ, साडीला कायम इस्त्री. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा इस्राएलला गेला होता. तेव्हा आमच्यातलं दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी जायचंच, सामानाच्या पेट्या दारात दिसायच्या, आणि मागे राहिलेल्यांची पहिली चौकशी एकच असायची, मुलगा पैसे पाठवतो ना? काकी म्हणायच्या, "पाठवतो तर. मीच म्हणते एवढे नको पाठवूस." हे त्या इतक्या सहज म्हणायच्या की माझी आई बाबांना ऐकवायची, बघा, एक मुलगा असावा पण असा.

ते वर्ष अठ्ठ्याऐंशी किंवा एकोणनव्वद असेल. मी दहा-अकरा वर्षांची. काकींना नातू झाल्याचं पत्र आलं आणि त्यांनी मलिद्याचा नवस फेडायचा ठरवला. मलिदा म्हणजे गूळ-खोबरं घातलेले गोड पोहे आणि फळं. एलियाहू नबीची आठवण करून, प्रार्थना म्हणून तो वाटायचा. संध्याकाळी त्यांच्या दोन खोल्यांत आळी लोटली. प्रार्थना झाली, मलिदा झाला, आणि मग काकींनी सगळ्यांना जेवायला बसवलं. नारळाच्या रसातली माशांची आमटी आणि भात.

पहिला घास घेतला आणि मला लाल शीत दिसलं. मग दाताखाली कचकच आली. आता हे सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मला झाला तो निव्वळ आनंद. ओळखीचं माणूस परक्या गावात भेटल्यावर होतो तसा. मी पंगतीत बसल्या बसल्या, घसा मोकळा करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आई, हा तर आपल्या पिंपातला भात!"

पंगतीतले हात ताटातच थांबले. मला वाटलं कोणाला कळलं नाही, म्हणून मी शीत उचलून दाखवलं. "हे बघ ना, उकडा. आणि हा मुकादमकाकांचा जाडा. मुठीचाच तांदूळ आहे." मुकादम समोरच बसले होते. त्यांनी आमटीकडे बघायला सुरुवात केली. एक बाई खोकली. आईने माझ्या मांडीला एवढा करकचून चिमटा घेतला की डोळ्यांत पाणी आलं, पण का घेतला ते कळलं नाही.

काकी वाढत होत्या. हातातला डाव तसाच. त्या म्हणाल्या, "दोन-तीन तऱ्हेचा आणला होता बाजारातून. मुलाचे पैसे आले ना, म्हटलं करू या भरपूर. मिसळला गेला वाटतं." मग त्यांनी माझ्याच ताटात आणखी भात वाढला. मी तो खाल्ला.

घरी आल्यावर आईने मला मारलं नाही, याचीच मला भीती वाटली. तिने आधीच स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसला. मग म्हणाली, "सूप घेऊन बसली असेल गं ती. दाणा दाणा वेगळा करायला. तरी राहिलेच." एवढं ऐकल्यावर मला सगळं समजलं.

पुढच्या गुरुवारी तीन वाजता आई कुलूप लावून घरी आली तेव्हा तिच्या हातात एक भरलेली पिशवी होती. "एक उरली," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पिशवी कधी उरली नव्हती.

त्याच्या पुढच्या गुरुवारीही एक उरली.

काकींच्या घरी पंपाचा स्टोव्ह होता. सकाळी सातच्या सुमारास त्याचा फर्रर्र आवाज आमच्या मोरीत ऐकू यायचा. बाबा त्यावर घड्याळ लावायचे म्हटलं तरी चालेल. तो आवाज सकाळचा यायचा बंद झाला. संध्याकाळी यायचा, थोडा वेळ. काकी मात्र पहिल्यासारख्याच इस्त्रीच्या साडीत प्रार्थनेला यायच्या आणि पहिल्यासारखंच सांगायच्या, मुलाचं पत्र आलं, पैसे आले. फरक इतकाच की आता ऐकणारे फार भराभरा माना डोलवायचे. कोणी आणखी काही विचारायचं नाही. न विचारणं हे विचारण्यापेक्षा वाईट असू शकतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आणि त्यांचा मुठीचा डबा गुरुवारी येत होता. अर्धा, पण येत होता. माझ्याने तो बघवायचा नाही.

मी आईला म्हटलं, "मी जाऊन माफी मागते."

"काय म्हणून मागशील? काकी, तुम्ही धर्माचा तांदूळ खाता हे मी सगळ्यांना सांगितलं, म्हणून मागशील? तेच पुन्हा तोंडाने बोलायचं? यावेळी तिच्या घरात, तिच्या तोंडावर?"

"मग तू डबा नेऊन दे. भाजी जास्त झाली म्हणून."

"परवा दिला. तिने त्यात चार लाडू घालून परत पाठवला. कशाचे केले असतील ते तिलाच ठाऊक."

आई चिडली होती, पण आता माझ्यावर कमी आणि स्वतःवर जास्त. आपण दार लोटलं, बोळ मोकळा ठेवला, तोंडं लपवली, आणि पिशवीत असा तांदूळ भरला जो ताटात बसून ओरडून सांगतो की मी कुठून आलो, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. देणाऱ्यांपैकी कोणीच तो कधी घरी शिजवला नव्हता. म्हणून कोणाला सुचलंच नव्हतं.

त्या उरलेल्या दोन पिशव्या तिने आमच्याच घरी शिजवायला काढल्या. बाबा भाताच्या बाबतीत फार नखरेल होते. शीत शिताला चिकटलेलं त्यांना चालायचं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी ताट पुढे सरकवलं. "हे काय आहे? अर्धं लापशी, अर्धं खडी."

"हे आपण बारा वर्षं लोकांना देतोय ते आहे," आई म्हणाली. "जेवा."

आठवडाभर ती त्या तांदळाशी झगडली. आधी भिजत घातला, मग उशिरा पाणी घातलं, मग झाकण ठेवून निखाऱ्यावर. शेवटी रात्रभर भिजवून मंद आचेवर ठेवला तर बऱ्यापैकी होतो, असा शोध लागला. लाल शितं लालच राहिली. ती काही लपणारी नव्हती.

शनिवारी प्रार्थना संपल्यावर सिनेगॉगच्या ओसरीवर तिने मुकादमांना गाठलं. ते बिचारे कोट सावरत निघायच्या बेतात होते.

"पिंपात तांदूळ साठतोय," आई म्हणाली. "किडे होतील."

"मग पिशव्या कमी करा. नेणारे कमी झाले असतील, चांगलंच आहे की."

"त्यापेक्षा असं करू. प्रत्येक घरी एक पिशवी द्यायची. पंधरा घरं, पंधरा पिशव्या. शुक्रवारी रात्री शब्बाथचा भात सगळ्यांनी त्याचाच करायचा."

मुकादम जागच्या जागी थांबले. "प्रत्येक घरी? म्हणजे माझ्या घरीसुद्धा? अहो, मी माझा घरचा तांदूळ घालायचा आणि रेशनचा घरी न्यायचा?"

"हो."

"यात धर्म तो काय राहिला?"

"तो तुम्हीच सांगा. दर सणाला तुम्हीच उभे राहून सांगता की सगळ्यांनी द्यावं, घेणाऱ्यानेही द्यावं. मग देणाऱ्याने घेतलं तर काय बिघडलं? दुसऱ्याच्या ताटात घालतो ते आठवड्यातून एकदा आपणही खाऊन बघावं."

मुकादमांनी माझ्याकडे बघितलं. मी आईच्या मागे होते. त्या दिवशी पंगतीत तेही होते, आणि मूर्ख नव्हते. त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं, पुन्हा काढलं. "एक महिना करून बघू," ते म्हणाले. "पण माझ्या मंडळींना तुम्ही सांगा. माझी छाती नाही."

राहिल्या काकी. त्यांना आईने मला बरोबर घेऊनच गाठलं. बाजारातून मांजरपाटाचा तागा आणला होता, तो माझ्या डोक्यावर दिला. काकींच्या पायांकडे बघत मी आत गेले. त्या खूप वाळल्या होत्या.

"पिशव्या शिवायच्या आहेत," आई म्हणाली. "पंधरा. सगळ्या एका मापाच्या. आता सगळ्यांनाच न्यायचा आहे तांदूळ, शब्बाथसाठी. आणि ते पिंपही तुम्हीच बघा यापुढे. डबे रिकामे करायचे, दार लावून पिशव्या भरायच्या, कोणाला किती ते तुमचं तुम्ही ठरवायचं. कोणी विचारणार नाही आणि तुम्ही सांगायचं नाही. माझ्याने ते होत नाही. माझ्या घरात तोंडं मोठी आहेत."

काकींनी तागा उलगडला, कापडाचा काठ अंगठ्याने चाचपून पाहिला, टेप काढून माप घेतलं. मला वाटलं आता त्या नको म्हणणार. आणि त्या नको म्हणाल्या असत्या तर त्या घरातला सकाळचा स्टोव्ह कायमचा बंद राहिला असता, आणि तो मी बंद केलेला असता. अकराव्या वर्षीसुद्धा एवढं मला लख्ख कळत होतं.

"सगळ्या एकसारख्या शिवल्या तर ओळखायच्या कशा?" काकी शेवटी म्हणाल्या. "नाड्या वेगवेगळ्या रंगांच्या लावते. तुमची निळी."

त्या गुरुवारपासून नवी रीत सुरू झाली. सकाळी डबे जायचे. काकी दार आतून लावून घ्यायच्या. चार वाजता सगळ्या घरांतलं कोणी ना कोणी ओसरीवर जमायचं, दार किलकिलं व्हायचं, आणि शाळेतल्या बाईंच्या खणखणीत आवाजात हाक यायची, "लाल नाडी! हिरवी! पांढरी!" पिशव्या पोटाशी धरून सगळे घरी. कोणाची जड, कोणाची हलकी, कोणी बघत नसे, कारण माणसं आपापली पिशवी उचलण्यात गुंतलेली असत. आमची निळ्या नाडीची पिशवी पसाभर तांदळाने कशीबशी फुगलेली असायची. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावले की पंधरा घरांतून तोच मऊ आणि कचकचीत, लाल शितांचा भात. मुकादम पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगायचे की आठवड्याचे सहा दिवस मी जेवतो आणि सातव्या दिवशी पुण्य करतो. महिन्याचा वायदा कोणाच्या लक्षातही राहिला नाही.

आणि सकाळी सातला आमच्या मोरीत पुन्हा फर्रर्र आवाज यायला लागला. तो पहिल्या दिवशी आला तेव्हा मी दात घासत होते. मी तशीच फेस तोंडात घेऊन आईकडे धावले. ती म्हणाली, "ऐकलं. चूळ भर."

काकींनी मला कधी काही म्हटलं नाही. मी समोर आले की इतर मुलींशी बोलत तेवढंच माझ्याशी बोलत, कमी नाही, जास्त नाही. मला वाटायचं एकदा तरी त्यांनी मला फाडून खावं, म्हणजे हिशेब मिटेल. त्यांनी ती सोय केली नाही.

मी बारावीला असतानाची गोष्ट. बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे लिहिण्याचं काम करायचे. त्याने धंदा गुंडाळला. बाबांनी महिनाभर घराबाहेर कोणाला पत्ता लागू दिला नाही. रोज सकाळी नेहमीच्या वेळेला डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी नेहमीच्या वेळेला परत यायचे, मधे काम शोधत फिरायचे. आईही काही झालं नाही अशीच वागायची. फक्त संध्याकाळचा भात बंद झाला. सकाळचंच थोडं उरवून आम्ही संध्याकाळी खायचो, आणि आई मला म्हणायची की रात्री हलकं खाल्लेलं बरं असतं. मी एवढी मोठी होते की मला समजत होतं, आणि एवढी शिकलेही होते की गप्प बसायचं.

सकाळची मूठ आई काढत होती. माझी, संध्याकाळची, निघत नव्हती, कारण भातच चढत नव्हता. तरीही डबा दर गुरुवारी जात होता. अर्धा.

तिसऱ्या का चौथ्या गुरुवारी मी पिशवी आणायला गेले. ओसरीवर दहा-बारा माणसं होती, मुकादमही काठी टेकून बसले होते. दार किलकिलं झालं. दोन-तीन नाड्या झाल्या आणि हाक आली, "निळी!" मी पुढे झाले. काकींनी दोन्ही हातांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि माझा हात खाली गेला. ती काठोकाठ भरलेली होती. नाडीची गाठ कशीबशी बसली होती. मी चमकून वर बघितलं. त्या माझ्याकडे बघतच होत्या, आणि क्षणभर मला खात्री वाटली की आता माझी पाळी आली.

काकींनी आवाज चढवला. असा चढवला की फाटकापर्यंत गेला असेल.

"काय गं? तुमच्याकडचा डबा अर्धाच येतोय हल्ली! मोठी झालीस म्हणून मूठ काढायचा कंटाळा येतो होय? आईला सांग, तुमच्यासारख्या घरांनी आळस केला तर इथे घेणाऱ्यांना मी काय देऊ? भरल्या घरात असं चालायचं नाही. पुढच्या गुरुवारी डबा भरून पाहिजे मला!"

ओसरीवर कोणीतरी हसलं. मुकादम म्हणाले, "रागवा चांगलं. आजकालच्या पोरी!" काकींनी माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. "पिवळी!" त्यांनी पुढची हाक मारली.

मी पिशवी पोटाशी घट्ट धरून निघाले. फाटकाबाहेर आले आणि मला रडू फुटलं. भर रस्त्यात, सायकलवाल्यांच्या घंटा वाजत असताना. माझ्या तोंडून जे गेलं होतं ते त्या कधी विसरल्या नसणार. डबा अर्धा आला की घरात कितीदा भात चढतो हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार होतं? आणि तेच जाणून त्या सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडल्या होत्या, भरलेल्या घरातली आळशी मुलगी म्हणून.

घरी आले. आईने पिशवी हातात घेतली, वजन कळलं, आणि तिचा चेहरा उतरला. "कोणी बघितलं?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं, शब्दन् शब्द.

"सगळ्यांसमोर रागावली?"

"हो."

"मोठ्याने?"

"मुकादमकाका हसले."

आई पाटावर बसली. बराच वेळ तिने पिशवीच्या गाठीशी चाळा केला. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "ऊठ. सूप आण."

त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा भात चढवला. चढवण्याआधी मी मूठ काढली.